परत केलेली टोपली

४ नोव्हेंबर, मंगळवार

लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या काळज्या वहीत लिहीत जा. म्हणजे दिवसभर आईच्या कानाशी भुणभुण होणार नाही." फोनवर हसत म्हणाली, पण तिला अगदी तसंच म्हणायचं होतं. म्हणून ही वही.

तर पहिली आणि एकच काळजी. हिचं काहीतरी बिनसलं आहे.

डेपोमागच्या मैदानात बुधवारी आणि रविवारी बाजार भरतो. लग्न होऊन या घरात आल्यापासून हिने बाजार चुकवल्याचं मला आठवत नाही. मैदान रस्त्यापेक्षा खोलगट आहे, उतरायला दगडी पायऱ्या आहेत आणि कठड्याच्या नावाने शून्य. मी सगळी नोकरी पाणीखात्यात गळती शोधण्यात घालवली. त्या पायऱ्यांखालून पाणी झिरपतंय, त्यावर शेवाळ धरतंय, हे मी कितीदा तरी बोललो होतो. कोण ऐकतो? सप्टेंबरात हीच तिथे पडली. गुडघा टम्म सुजला, हाड मात्र वाचलं. पडताना हात टेकायचे सोडून हिने अंड्यांची टोपली वर धरली होती म्हणे. "एक अंडं फुटलं नाही," असं डॉक्टरांना कौतुकाने सांगत होती. मी तिथेच, चार माणसांदेखत रडलो. आजही लाज वाटते.

मग लेकीने फोनवरून घरपोच भाजीची सोय लावून दिली आणि मी हिच्याकडून शब्द घेतला की बाजार बंद. ही लगेच "बरं" म्हणाली. तेव्हा मला हायसं वाटलं. आता वाटतं, ही इतक्या लगेच कशाला बरं म्हणाली? असं आजवर कधी झालेलं नाही.

गुडघा बरा झालाय. पण ही बोलायची थांबली आहे. भांडत नाही, टोचून बोलत नाही, आमटीत मीठ कमी पडलं तर मलाच सांगावं लागतं. डोक्याला मार बसला असेल आणि आपल्या लक्षात आलं नसेल, तर?

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. पायात चपला. बाहेर जायचंय का विचारलं तर म्हणाली, "कुठे जायचंय?" आणि तशीच बसून राहिली. ऊन चढलं तेव्हा उठली, चपला काढून कोपऱ्यात नीट ठेवल्या आणि आत आली.

पायांना गारठा सोसत नसेल. उद्या मोजे आणून देतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजही चपला घालून गॅलरीत. मोज्यांवर चपला.

भाजीचा माणूस पिशवी देऊन गेला. टोमॅटो एकाच मापाचे, एकाच रंगाचे, एकाही डागाशिवाय. मी म्हटलं, "बघ, किती सुबक." हिने न बघताच सगळे वाडग्यात ओतले. पूर्वी बाजारातून आली की ही ओट्यावर सगळं पसरून बसायची, एकेक वस्तू हातात घेऊन तिची कुळकथा सांगायची. हा भोपळा कोणाच्या मळ्यातला, ती वांगी कशी शेवटची दोनच उरली होती, कोणाशी कशी हुज्जत घातली. मी पेपराआडून हं हं करायचो. आज मी पेपर खाली ठेवून बसलो, पण सांगण्यासारखं काही नव्हतंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, सगळं ठणठणीत. डॉक्टर तरुण आहेत, फार विचार करत नाहीत. म्हणाले, "फिरायला जात जा, आजी." हिने विचारलं, "बाजारापर्यंत चालेल का?" त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सांगितलं की पायऱ्या आहेत, प्रश्नच नाही. ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी एक टॉनिक लिहून दिलं. चमचाभर, जेवणानंतर.

परत येताना डेपोजवळ गाडी सिग्नलला थांबली. ही खिडकीतून त्या बाजूला बघत होती. आज शुक्रवार, मैदान मोकळं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हात रिकामे असले की माझं डोकं चालतं, म्हणून स्वयंपाकघर आवरायला घेतलं. दाराजवळच्या खिळ्याला ती वेताची टोपली लटकत होती. लहानशी, कडीला निळा दोरा गुंडाळलेला. ही एकदा म्हणाली होती की ती टोपली आपली नव्हे, बाजाराची. नेहमीचं गिऱ्हाईक झालं की अंडीवाल्या मावशी अशी टोपली देतात, प्रत्येकाच्या दोऱ्याचा रंग वेगळा. दोरा बघितला की बाकीचे विक्रेतेही ओळखतात आणि हात राखून देत नाहीत.

म्हणजे दुसऱ्याची वस्तू. आपण तर बाजार सोडलाय. मला दुसऱ्याची वस्तू घरात असली की झोप लागत नाही. खात्यातून बाहेर पडलो तेव्हा मी पेन्सिलीचा तुकडासुद्धा परत केला होता. उद्या टोपली देऊन येतो. शिवाय ती डोळ्यांसमोर नसली तर हिलाही बाजाराची आठवण होणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ही आंघोळीला गेल्यावर टोपली घेऊन निघालो. हिची ती पडद्याच्या कापडाची पिशवीही घेतली. पायऱ्या बूड टेकत टेकत उतरलो, लोक बघत होते तर बघू देत.

अंडीवाल्या मावशी खोक्यावर बसतात. त्यांचं नक्की वय किती कोणास ठाऊक, पण बाजारात सगळ्यांच्या मावशी आहेत. मी टोपली पुढे केली. म्हटलं, "ही तुमची. परत द्यायला आलोय."

मावशींनी आधी टोपलीकडे पाहिलं, मग दोऱ्याकडे, मग माझ्याकडे. हातातलं अंडं त्यांनी पेंढ्यात हळूच ठेवलं. म्हणाल्या, "ताई पडल्या त्या दिवशी तर हसत हसत गाडीत बसल्या होत्या."

"वरून काही दिसत नाही हो," मी म्हणालो. खरंच आहे ते.

"आम्हाला कोणी कळवलं नाही."

"कळवायला हवं होतं. पण मीच इतका घाबरलो होतो."

 मावशींनी टोपली घेतली आणि शेजारच्या खोक्यावर पालथी घातली. पलीकडचा टोमॅटोवाला, त्याला सगळे पैलवान म्हणतात, तराजू सोडून आला. त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. त्याच्या हाताला मातीचा आणि टोमॅटोच्या देठाचा वास होता. "साहेब, काही लागलं तर सांगा," म्हणाला. मी म्हटलं काही नको. तरी निघेपर्यंत पिशवी भरली होती. पैलवानाचे टोमॅटो, भोपळेवालीने कापून दिलेली भोपळ्याची फोड, मधवाल्याची छोटी बाटली. पैसे कोणी घेईना. मी पाकीट काढलं की ते मान हलवायचे.

एक टोपली काय परत केली, आणि एवढं अगत्य. माणसं फार चांगली आहेत. माझंच मत वाईट होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हिने सकाळी रिकामा खिळा पाहिला. "टोपली?"

"जिची तिला देऊन आलो."

"मावशींच्या हातात दिलीत?"

"हो. आणि मी गेलो तेव्हा..."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी दाराला कान लावला. रस्त्याखाली पाइप कुठे फुटलाय हे मला माझी स्वतःची लोखंडी सळई लावून नेमकं ऐकू यायचं, सगळं खातं मला बोलवायचं. दाराआड काहीच ऐकू आलं नाही.

टॉनिक चमचाभराऐवजी दोन चमचे द्यावं का, हे विचारायला डॉक्टरांना फोन केला. नको म्हणाले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मला फुकटचं पचत नाही. रविवारचे पैसे द्यायचे म्हणून पुन्हा बाजारात गेलो. कोणी घेतले नाहीतच, मग भरपाई म्हणून निदान नवी खरेदी करू असं ठरवलं.

आणि खरं सांगायचं तर, मजा आली. काळजी होतीच, पायऱ्यांची, पाकिटाची, ही घरी एकटी असण्याची. पण मध्येच विसरायला झालं. सकाळी ऊन ताडपत्र्यांतून गाळून येतं, निळ्या ताडपत्रीखाली कांदेसुद्धा निळसर दिसतात. पालेभाजीवर पाणी मारतात, त्याचे तुषार पायावर येतात. भोपळेवालीने मला भोपळ्यावर टिचकी मारायला शिकवलं. पोकळ आवाज आला तर घ्यायचा. आवाज ऐकण्यात मी आयुष्य घालवलंय, पण भोपळा ऐकला नव्हता. तीन भोपळे नाकारून चौथा घेतला तेव्हा ती म्हणाली, "अगदी ताईंचा हात." आणि तिने पदराने डोळे टिपले. कांदे जवळच होते, त्यांचा परिणाम असावा.

घरी आलो आणि ओट्यावर सगळं पसरलं. ही दारात येऊन उभी राहिली. मग विचारलं, "मावशी काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, असं गिऱ्हाईक पुन्हा होणे नाही."

"अजून?"

"म्हणाल्या, तू भाव करताना कधी वस्तूला नावं ठेवली नाहीस. इतर लोक स्वस्त मिळावं म्हणून सडकं सडकं म्हणतात. तू आधी चांगलं म्हणायचीस आणि मग भाव पाडायचीस."

हिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. म्हणाली, "पैलवान काय म्हणाला?"

मी सांगितलं, तो फारसं बोलला नाही, नुसता तराजूकडे बघत होता. ही खुर्चीवर बसली आणि भोपळा मांडीवर घेतला. त्यावर टिचकी मारली. "चांगला आहे," म्हणाली. आज दोनदा वाढून घेतलं.

टॉनिक लागू पडलं. चमचाभरच पुरेसं होतं, डॉक्टरांचं बरोबर होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजही गेलो. निघताना हिने स्वतः पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "कोण काय बोलतं ते नीट लक्षात ठेवा." बाजारात काय बोलतात याचं हिला इतकं काय? पण रुची वाटतेय हे चांगलं लक्षण.

पैलवान आज बोलला. त्याचं दुकान पहिल्यांदा लागलं तेव्हा टोमॅटो मऊ निघाले होते, कोणी फिरकेना. ही गेली, सगळे मऊ टोमॅटो उचलले आणि मोठ्यांदा म्हणाली, "सारासाठी असेच लागतात, कडक टोमॅटोचं सार पांचट होतं." मग बायकांची रांग लागली. "मी त्या दिवशी गाशा गुंडाळणार होतो, साहेब," म्हणाला. मला आठवलं, एकदा आमच्याकडे आठवडाभर सार होतं. मी वैतागलो होतो.

हे मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. ही हसली. आवाज करून हसली, मग डोळे पुसले. म्हणाली, "तो लक्षात ठेवेल असं वाटलं नव्हतं."

आणखी एक. मावशी म्हणाल्या, पुढच्या रविवारी ताईंची टोपली भरू, तुम्ही या. प्रत्येक जण आपापल्या दुकानातलं काहीतरी घालणार. येताना ताईंचा एक फोटो आणा, म्हणाल्या. जुन्या गिऱ्हाइकांचा सत्कार असावा. आजकाल दुकानदार असं काही ना काही काढतात.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फोटोचं हिला सांगितलं. वाटलं होतं नको म्हणेल. पण हिने कपाटातून अल्बम काढला आणि दुपारभर त्यात डोकं घालून बसली. "हा नको, यात मी आजारी दिसते. हा फार जुना, कोणी ओळखायचं नाही." शेवटी एक निवडला, लेकीच्या घरच्या गच्चीवर काढलेला, तोंडभर हसू असलेला. माझ्याकडे देत म्हणाली, "यात बरी आहे ना मी? बघणाऱ्याला वाईट वाटलं पाहिजे."

असं का म्हणाली ते कळलं नाही. हे डोक्याला मार लागल्याचं लक्षण असेल का? डॉक्टरांना फोन करणार होतो, पण गेल्याच सोमवारी केला होता.

२६ नोव्हेंबर, बुधवार

फोटो पोचता केला. मधवाल्याने तो पुसून मावशींकडे दिला.

घरी आल्यावर जिन्यात हिला पकडलं. कठडा न धरता खाली उतरत होती, पुन्हा चढत होती. कपाळावर घाम.  मी म्हटलं, हे काय चाललंय? म्हणाली, "डॉक्टर म्हणाले ना, चालत जा." आणि मला ओलांडून वर गेली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ही म्हणाली, "उद्या मीही येणार."

मी शब्दाची आठवण करून दिली. "तुम्ही रडत होता म्हणून दिला होता," ही म्हणाली. "आता परत घेते."

फार वाद झाला. म्हणजे वाद मीच घातला, हिने चांगली साडी काढून इस्त्री केली. पायऱ्या, शेवाळ, गर्दी, सगळं पुन्हा सांगून झालं. जेवण गेलं नाही. उद्या सळईही बरोबर नेतो, निदान टेकायला होईल.

३० नोव्हेंबर, रविवार

 जमेल तसं लिहितो.

पायऱ्यांच्या टोकाशी पोचलो. खाली मावशींच्या खोक्यावर निळ्या दोऱ्याची टोपली, आता सुलटी, आणि काठोकाठ भरलेली. तिला टेकून हिचा फोटो. आजूबाजूला सगळे विक्रेते दुकानं सोडून उभे. फार मोठा सत्कार दिसतोय, असं मला वाटलं. हो, तेव्हाही मला तसंच वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू.

ही माझ्या खांद्याला धरून उतरायला लागली. आधी पैलवानाने वर पाहिलं आणि त्याच्या हातातला टोमॅटो पडला. मग एकेक दुकान गप्प होत गेलं. बाजार एवढा शांत होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मावशी उभ्या राहिल्या, आणि मग मटकन खाली बसल्या.

ही मधल्या पायरीवर थांबली. म्हणाली, "मावशी, टोपलीत आलं दिसत नाही. दर रविवारी घेत होते, विसरलात?"

भोपळेवाली किंचाळली. मधवाला माझ्याकडे आला आणि माझा दंड दाबून पाहिला, जणू मी तरी खरा आहे की नाही. पैलवान म्हणाला, "साहेब, तुम्ही टोपली परत दिलीत."

"मग? द्यायची नसते?"

"माणूस गेल्यावर देतात ती. घरचे आणून देतात. मग आम्ही एकदा भरून घरी पाठवतो. शेवटची."

मी त्याच पायरीवर बसलो. सगळं एकदम डोक्यात उतरलं. धरलेला हात, न घेतलेले पैसे, कांद्यांचा परिणाम. मी माझ्या हाताने, माझ्या पायांनी चालत येऊन माझी बायको मेल्याचं सांगून गेलो होतो. आणि येता-जाता भोपळे वाजवून पाहत होतो.

मावशी उठल्या. हिच्या दंडावर त्यांनी चापट मारली, चांगली सणसणीत. "दोन दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली," म्हणाल्या. "दोन दिवस." आणि हिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. तोवर ही गालातल्या गालात हसत होती. ते हसू गेलं. म्हणाली, "चुकले, मावशी. मला एवढं वाटलं नव्हतं." मग तीही रडली. मग सगळेच. एका नव्या गिऱ्हाइकाने पैलवानाला टोमॅटोचा भाव विचारला, तर त्याने हाताने थांब म्हणून खूण केली.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"खिळा रिकामा दिसला तेव्हाच कळलं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"त्या दिवशी रागाने बोलले नाही. वाटलं, यांनी मला न विचारता पुरून टाकलं, आता मेलेलीच बरी. बुधवारी सांगणार होते. पण तुम्ही मावशी काय म्हणाल्या ते सांगितलंत. मला वाटलं अजून थोडं ऐकू. इतके दिवस मी गेले नव्हते, वाटायचं कोणाच्या लक्षातही आलं नसेल." मग म्हणाली, "तुम्ही रोज माझ्या गुडघ्याची चौकशी करत होता. माझी नाही."

  मला हिचा राग आला आहे, आणि हिला तो येऊ नये असं मी काही केलेलं नाही, हेही कळतंय. मी हिला जपत होतो. ते खोटं नव्हतं. पण जपायच्या नादात मी हिचं बाहेरचं सगळं बंद करून घेतलं आणि मग आत आवाज का नाही म्हणून दाराला कान लावून बसलो.

टॉनिकची बाटली उरलेली आहे. टाकून दिली.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी सळई घेऊन मैदानावर गेलो. पायऱ्यांना कान लावला. वरून तिसऱ्या दगडाखाली जुना पाइप सांध्यात गळतोय, आवाज अगदी स्वच्छ आला. खात्यातल्या पोरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, अजून कान शाबूत आहेत." पाइप दुरुस्त करतील. कठडा व्हायचा तेव्हा होईल, तोवर मधवाल्याने दोन खांबांना दोर बांधला आहे. मी लोंबकळून पाहिलं.

ही म्हणाली, उद्या एकटी जाईन. मी म्हटलं, बरं. हिने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

३ डिसेंबर, बुधवार

ही गेली आहे. मी गॅलरीत बसून लिहितोय.

शेवाळ आज घासलं असेल का? दोर ओला झाला तर हातातून सुटतो. गुडघा अचानक दगा देतो, असं कुठेतरी वाचलंय. इतका वेळ का लागतो भाजी घ्यायला? पण मला आता माहीत आहे का लागतो. भोपळेवालीपाशीच अर्धा वेळ जात असेल.

आत्ता लक्षात आलं की मी पायात चपला घालून बसलोय.

नंतर.

आली. वळणावर आधी पडद्याच्या कापडाची पिशवी दिसली. मी खाली धावलो नाही. निघालो होतो, पण दारातून परत फिरलो.

हिच्या हातात दोन टोपल्या. एक निळ्या दोऱ्याची. दुसरी नवी कोरी, तपकिरी दोऱ्याची, तीत पेंढा आणि अंडी. "तुमची आहे," म्हणाली. "मावशींनी दिली. मी म्हटलं, हे अजून नेहमीचे कुठे झालेत? तर म्हणाल्या, यांना आत्ताच दे, नाहीतर आणखी कोणाची तरी आणून देतील."

हिने ओट्यावर सगळं पसरलं आणि सांगायला बसली. आल्याचा भाव, मावशींचा अजून न गेलेला राग, पैलवानाने मऊ टोमॅटोवरून काढलेल्या खोड्या. मी पेपर घेतलाच नव्हता. ऐकता ऐकता हातोडी आणून पहिल्या खिळ्याशेजारी दुसरा ठोकला. दोन्ही टोपल्या टांगल्या. बऱ्या दिसतात.

मग मनात आलं ते मी बोलून गेलो. म्हटलं, "एक दिवस आपल्यापैकी कोणालातरी दुसऱ्याची टोपली खरोखरच परत द्यायला जावं लागणार."

ही टोमॅटो वेगळे करत होती. कडक एकीकडे, मऊ एकीकडे. वर न बघता म्हणाली, "जायची वेळ माझ्यावर आली तर मी जाईन. तुमच्यावर आली, तर पायऱ्या जपून उतरा."

 हिने एक मऊ टोमॅटो माझ्या हातात ठेवला, आज सार करू म्हणाली. मी खिळा हलवून पाहिला. घट्ट बसला आहे.